सरदाबचा बेचाळिसावा मयत

फोन आला तेव्हा तहिया बदरान ऑफिसात पाव आणि पांढरं चीज खात होती.

"सित्त तहिया, ताबडतोब अन्फूशीला या," कॅप्टन हाझिम म्हणाला. "उस्ताद लुत्फी कंदील आज पहाटे इस्पितळात वारले. सोमवारी सणाला फसीख खाल्लं होतं. नबवियाच्या दुकानातलं."

तहियाने उरलेला पाव परत कागदात गुंडाळला. लुत्फींसाठी वाईट वाटलं ते नंतर. आधी 'फसीख' हा शब्द ऐकूनच तिची भूक मेली.

अठ्ठावीस वर्षं ती अलेक्झांड्रियाच्या नगरपालिकेत अन्न निरीक्षक होती आणि फसीखचा एक घास तिने कधी तोंडात घातला नव्हता. बोय मासा आधी फुगू द्यायचा, मग मिठात पुरायचा, आणि महिन्याभराने तो तसाच कच्चा, कांद्याबरोबर, बोटं चाटत खायचा. वसंताच्या सणाला अख्खा देश हौसेने खातो. दर वर्षी कुठे ना कुठे दोन-चार जण दगावतात, आणि पुढच्या वर्षी उरलेले पुन्हा रांगेत उभे राहतात. माणूस नावाच्या प्राण्याला नाक कशाला दिलंय, असा प्रश्न तिला दर वर्षी पडायचा.

असे मेलेले तिने डोळ्यांनी पाहिले होते. कब्बारीचा एक गाडीवान तर तिच्यासमोरच गेला. पापण्या उचलेनात, आवाज गेला, अंग गार. पण शुद्ध शेवटपर्यंत लख्ख. गाढवाला कुठला चारा घालायचा ते बायकोला बोटांच्या खुणांनी सांगत सांगत गेला बिचारा.

नबवियाच्या दुकानाबाहेर ही गर्दी जमली होती. आत पत्र्याची नऊ पिंपं, आणि वास असा की भिंतीला हात टेकला तर हातालाही चिकटेल. तहियाने रुमाल नाकाला लावला.

नबविया त्रेसष्ट वर्षांची होती. बाह्या वर सरकवलेल्या, मिठाने फुटलेले हात कमरेवर.

"ये गं तहिया, ये. अठ्ठावीस वर्षं वाट बघितलीस. आज तुझा दिवस उगवला."

"मासा कुठल्या पिंपातला दिलास?"

"तिसऱ्या. आणि ऐक. चौघांनी एका ताटातून खाल्लं. गिर्गिस तर ईस्टरआधीचा पंचावन्न दिवसांचा उपास सोडून आला होता, त्याने एकट्याने दोन मासे हाणले. तो आज सकाळी इथे येऊन लिंबू मागून गेला. मग उस्तादच कसे मेले? माझी मासळी काय नावं वाचून मारते?"

"लुत्फी एकाहत्तरचे होते," हाझिम म्हणाला. "म्हातारं शरीर."

"तू गप रे. तुझ्या आईच्या डोहाळ्यांना मी फसीख पाठवलंय."

गर्दी हसली. हाझिम नाही हसला.

तहियाने तिसऱ्या पिंपातले तीन मासे मागितले. नबवियाने ते काढले, आणि हाताला सवय म्हणून खिळ्याला टोचलेल्या कागदांतले तीन ओढून एकेक मासा त्यात गुंडाळला. कागद हाताने लिहिलेले होते. लाल शाई, बारीक अक्षर, जागोजागी खाडाखोड.

"हे काय आहे?"

"उस्तादांचं लिखाण. गोष्ट पक्की उतरवून झाली की कच्चे कागद माझ्या खिळ्याला. वीस वर्षांची रीत आहे. हा गठ्ठा गेल्या गुरुवारीच आणून दिला त्यांनी. मला वाचता येत नाही ना, म्हणून माझ्यावर भरवसा." तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "भला माणूस होता गं."

हाझिमने तहियाला बाजूला घेतलं. कैरोच्या प्रयोगशाळेचा अहवाल यायला दहा दिवस लागणार होते. वरून मात्र आजच फोन येत होते. मेलेला माणूस नावाजलेला लेखक होता. मासा विषारी असल्याच्या कागदावर तहियाने शनिवारी सही करायची, मग पिंपं समुद्रात ओतायची आणि नबवियावर मनुष्यवधाचा खटला.

"शनिवार," नबविया मागून म्हणाली. तिचे कान तिखट होते. "त्या पिंपांच्या तळाला माझ्या सासूच्या सासूचं खारं पाणी आहे. कधी पूर्ण ओतलेलं नाही. तू सही केलीस तहिया, तर मी तुरुंगातून जिवंत परत आले तरी कशात परत येऊ?"

तिला गाडीत घालून नेलं. तहिया तीन पुड्या पिशवीत घालून निघाली आणि कोपऱ्यावर भिंतीला धरून उभी राहिली. सकाळचा पाव बाहेर आला.

*

इस्पितळात सणानंतरची नेहमीची गर्दी होती. डॉक्टरने लुत्फींना बघताक्षणी 'मासळी' असं लिहून टाकलं होतं आणि पुढच्या खाटेकडे गेला होता. दोन्ही रात्री त्यांच्याजवळ बसलेली नर्स मात्र बोलकी निघाली.

"कधी आणलं त्यांना?"

"सोमवारी साडेचारला. जेवण दोनचं."

"शुद्धीत होते?"

"कसली शुद्ध! अंग तव्यासारखं तापलेलं, तोंड लालबुंद, डोळ्यांच्या बाहुल्या ह्या एवढ्या. सारखे हवेतून काहीतरी वेचत होते. मला म्हणायचे, 'दात गोळा कर पोरी, दात सांडलेत.' मीही ओंजळ पुढे करायची. काय करणार?"

"दोन्ही रात्री बरळतच होते?"

"शेवटपर्यंत. मला त्यांनी बहुतेक कुणी नावाडीण समजलं होतं."

तहियाने हे शब्द न् शब्द लिहून घेतलं. इतकी वर्षं जबान्या लिहून तिला तीच सवय लागली होती. आधी सगळं उतरवायचं, अर्थ मागाहून लावायचा.

*

गुरुवारी संध्याकाळी लुत्फींच्या गच्चीवर दुखवट्याची बैठक होती. सोमवारचं जेवणही याच गच्चीवर झालं होतं. तहिया तासभर आधीच गेली आणि कुणाला न विचारता स्वयंपाकघरात शिरली.

तिने दार उघडलं आणि घोंगावणाऱ्या माश्यांचा थवा तिच्या तोंडावर आला. ताटं सोमवारची तशीच पडली होती. माशांची डोकी काळी पडलेली, त्यांच्या डोळ्यांतून अळ्या ये-जा करत होत्या. कांद्याला पाणी सुटलं होतं. चहाचे तीन ग्लास, तळाशी कुजलेला पुदिना. या सगळ्या नरकात एक गोष्ट लखलखीत होती. कॉफीचं पितळी भांडं आणि एक छोटा कप, घासून, धुऊन, ओट्यावर पालथे घातलेले.

तहिया तोंडावर हात धरून त्या पालथ्या कपाकडे बघत राहिली. मग बाहेर आली.

गिर्गिस आधी आला. रेल्वेतून निवृत्त झालेला, ढेरपोट्या, डोळे रडून सुजलेले. लुत्फींच्या सरदाबचा तो सर्वांत जुना भागीदार.

सरदाब म्हणजे लुत्फी, गिर्गिस, शहीरा आणि वगीह या चौघा लेखकांनी कागदावर वसवलेलं शहर. आटलेल्या समुद्राच्या तळाशी, गटारांवर उभं. तिथे जादू चालते, पण एका मंत्राला एक दात मोजून द्यावा लागतो, त्यामुळे म्हातारे जादूगार सगळे बोळके. ज्यांना आपले दात द्यायचे नसतात ते मुडद्यांचे चालवतात. ते उपटून आणणारा चोर म्हणजे वगीहचा बुर्स. बुर्स म्हणजे पाल. शहर एक, माणसं एक, आणि चौघांच्या कथा आळीपाळीने. सहा पुस्तकं निघाली होती. कॉलेजची पोरं पाठीवर पाल छापलेले सदरे घालून हिंडायची. तहियाने त्यातलं एक पुस्तक मागे कधीतरी चाळलं होतं. असं शहर तिच्या हद्दीत असतं तर तिने पहिल्याच दिवशी सील केलं असतं.

"सोमवारी उस्ताद कथा वाचणार होते?" तिने विचारलं.

"हो. सातव्या पुस्तकाची शेवटची कथा. आणि त्यात कुणीतरी मरणार होतं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मला आठवडाभर आधी कॉफी दळून आणायला सांगितलं होतं ना! आमची रीत आहे, सित्त. ज्याने कथेत कुणाला मारलंय त्याने वाचायच्या आधी कडू कॉफी प्यायची, मयताच्या घरी पितात तशी. बाकीच्यांनी साखरेचा चहा. म्हणजे मरण आहे हे सगळ्यांना आधी कळतं, कुणाचं ते कळत नाही."

"ते कधी कळतं?"

"वाचल्यावरच. पूर्वी फार भांडणं व्हायची. मी मारलेला माणूस पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या कथेत जेवायला हजर! म्हणून उस्तादांनी ही वही केली." त्याने कपाटातून एक जाडजूड वही काढली. "मरण सगळ्यांसमोर वाचायचं, मग नाव वहीत चढवायचं. त्यानंतर तो माणूस सगळ्यांसाठी मेला. न वाचलेलं मरण धरायचं नाही. पक्की प्रत एकच, कुणाला आधी दाखवायची नाही. आणि वहीतल्याचं नाव घेतलं की 'अल्ला रहम करो' म्हणायचंच. सुरुवातीला थट्टा होती. आता जीभच तशी वळलीय. माझ्या बायकोच्या माहेरच्यांना वाटतं आमच्याकडे रोज कुणीतरी दगावतं."

वहीत एक्केचाळीस नावं होती. शेवटचं होतं उम्म दिफ्दा, नावाडीण.

"आणि त्या शेवटच्या कथेची पक्की प्रत?"

"तीच तर सापडत नाही, सित्त. सगळं घर पालथं घातलं. सोमवारी उस्तादांनी कॉफी घेतली, जरा पडतो म्हणाले, आणि अर्ध्या तासात बडबडायला लागले. मी आणि शहीराने त्यांना खाली नेलं. वगीह कुलूप लावून मागून आला. मंगळवारी शहीरा त्यांचे कपडे न्यायला किल्ली घेऊन आली होती. प्रत तेव्हा होती की नव्हती, देव जाणे."

शहीरा आली ती तडकूनच बोलायला लागली. पस्तिशीची, औषधांच्या दुकानात बसणारी.

"माझ्याकडे असं काय बघताय? औषधं विकते म्हणून?"

"मी सगळ्यांकडे असंच बघते. धंद्याची सवय आहे. मंगळवारी स्वयंपाकघरात गेला होतात?"

"दार उघडलं आणि बंद केलं. तो वास! ओकारी आली मला."

"काही धुतलंत?"

"तिथे? मेले तरी नसते धुतलं."

"कथेत कोण मरणार असेल असं वाटलं होतं तुम्हाला?"

"मला वाटत होतं, आंधळा काझी. उस्तादांना तो कधीच आवडला नाही." तिने कपाळाला हात लावला. "माझी आता पंचाईत झालीय. माझ्या पुढच्या कथेत बुर्सचं लग्न आहे, वऱ्हाडात अर्धं सरदाब. त्यातलं नेमकं कोण मेलंय हे मला कोण सांगणार?"

वगीह सर्वांत शेवटी आला. बेचाळिशीचा, इस्त्रीचा सदरा, नखं कापून घासलेली, अंगाला लिंबाच्या अत्तराचा वास. मुडद्यांच्या हिरड्या आणि गटारातला गाळ यांवर पानंच्या पानं लिहिणारा माणूस हाच, हे खरं वाटत नव्हतं. बसायच्या आधी त्याने खुर्ची रुमालाने पुसली.

"तुम्ही फसीख खाल्लंत?"

"एक घास. उस्तादांचा मान म्हणून. त्या वासाने मला जगणं नकोसं होतं, खरं सांगतो."

"मासा कुणी आणला?"

"गिर्गिसने. त्या दुकानात मी आजवर पाय ठेवलेला नाही."

"सोमवारच्या आधी इथे कधी आला होतात?"

"महिना झाला असेल."

"कथेत काय होतं?"

"ते कुणालाच ठाऊक नसतं. तोच तर नियम." त्याने समुद्राकडे बघत उसासा टाकला. "तुम्हाला काय सांगू? उस्ताद लुत्फी, अल्ला रहम करो, यांनी मला माणसांत आणलं. अकरा वर्षांपूर्वी मी या गच्चीवर आलो तो एक कथा घेऊन. सुलेमान होता तेव्हा आमच्यात, अल्ला रहम करो, तो खो खो हसला. बुर्स, अल्ला रहम करो, तेव्हा पाच पानांचा भुरटा होता. उम्म दिफ्दा, अल्ला रहम करो, तिने त्याला नावेत घेतलं आणि तो वाढला. सगळं या गच्चीवर. आता मला रस्त्यात लोक वगीह म्हणून नाही, बुर्स म्हणून हाक मारतात. आणि एका अडाणी बाईच्या सडक्या माशाने हे सगळं संपावं! तिला सोडू नका."

तहियाने हेही सगळं उतरवून घेतलं. निघताना तिने वही आणि सहा पुस्तकं मागून घेतली.

*

शुक्रवारी सुटी होती. तहिया बाल्कनीत पुस्तकं घेऊन बसली आणि दुपारपर्यंत तिला तीनदा उठून तोंड धुवावं लागलं. तिसऱ्या पुस्तकात वगीहची एक कथा होती. एका चौकीदाराला कुणीतरी धोत्रा घालतं. त्याचं अंग तापतं, बाहुल्या पसरतात आणि तो हवेतून दात वेचत मरतो. फार बारकाईने लिहिलेली होती. पण हे पुस्तक तर सगळ्यांनी वाचलं होतं, गिर्गिसने, शहीराने आणि अर्ध्या अलेक्झांड्रियानेही.

मग तिने मृतांची वही उघडली. शेजारी स्वतःची जबानीची वही ठेवली. एक ते एक्केचाळीस बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. तिला हवं होतं ते नाव त्यात नव्हतं.

ती तडक ऑफिसात गेली. रखवालदाराकडून शीतकपाट उघडून घेतलं आणि तीन पुड्या बाहेर काढल्या.

फसीखला हात लावायची ही तिची पहिलीच वेळ. कागद माशाच्या अंगाला चिकटले होते. सोलताना खवले आणि पिवळट चिकटा बरोबर येत होता. पहिल्या कागदावर नुसती खाडाखोड. दुसरा वाचता येत नव्हता. तिसऱ्यावर मधोमध तेलाचा डाग होता आणि डागाखाली लाल शाईच्या चौदा ओळी शाबूत होत्या. तिने त्या श्वास रोखून वाचल्या. मग कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, न्हाणीघर गाठलं आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

*

शनिवारी दहा वाजता नबवियाच्या दुकानाचं सील काढलं. तहियाने सगळ्यांना तिथेच बोलावलं होतं. गिर्गिसने तहियाकडून मृतांची वही परत घेतली आणि छातीशी धरली. शहीरा दाराला टेकून उभी राहिली. वगीह उंबऱ्यातच थांबला, नाकाला अत्तराचा रुमाल. नबवियाच्या हातात बेड्या होत्या आणि ती पिंपांकडे बघत होती.

"सित्त तहिया, सही," हाझिमने कागद पुढे केला.

"सही नाही करणार. या माशाने कुणी मेलेलं नाही."

"अहवाल यायचाय अजून!"

"येऊ दे. मासळीचं विष अंग गार करतं आणि डोकं शाबूत ठेवतं. मी कब्बारीचा गाडीवान मरताना पाहिलाय. लुत्फींचं नेमकं उलटं झालं. अंग तापलेलं, बाहुल्या पसरलेल्या, दोन रात्री बरळणं. हा धोत्रा आहे, कॅप्टन. आपल्याकडे प्रत्येक ओसाड जागेत उगवतो. इस्पितळात त्यांचं रक्त ठेवलेलं आहे, कैरोला आता त्यात धोत्रा शोधायला सांगा."

"पण चौघांनी एकाच ताटात..."

"ताटात चौघं. कॉफी एकट्याने. ज्याने कथेत मारलंय त्यानेच कडू कॉफी प्यायची, ही यांची रीत. भांड्यात काहीही घाला, दुसरा कुणी तोंड लावणार नाही. स्वयंपाकघरात अळ्या पडल्यात, चार दिवसांची ताटं सडतायत, आणि कॉफीचं भांडं तेवढं घासूनपुसून पालथं! म्हातारा माणूस खाली तडफडत असताना कुणाला सुचलं हे?"

शहीराने मान वळवून वगीहकडे बघितलं.

"मी कुलूप लावलं," वगीह म्हणाला. "शहीराही मंगळवारी गेली होती. आणि उस्तादांना मारून मला काय मिळणार?"

"तेच मलाही कळत नव्हतं. मग मी माझी वही वाचली." तहियाने ती उघडली. "गुरुवारी तुम्ही मला चार मेलेल्यांची नावं सांगितलीत, चौघांनाही 'अल्ला रहम करो' म्हणालात. उस्ताद लुत्फी, गेलेले. सुलेमान, तेही गेलेले. उम्म दिफ्दा, वहीत एक्केचाळिसावी. आणि बुर्स."

गिर्गिसने वही उघडून शेवटचं पान बघितलं.

"बुर्स वहीत नाही," गिर्गिस हळू म्हणाला.

"नाही. शहीरा तर त्याचं लग्न लावायला बसलीय. अख्ख्या अलेक्झांड्रियात बुर्स जिवंत आहे. तो मेलाय हे ठाऊक असणारी माणसं दोनच. ज्याने ती कथा लिहिली तो, आणि ज्याने ती चोरून वाचली तो. जीभ वळलेली असते ना, वगीह. जिवंत माणसाला आपल्याकडे कुणी चुकूनही असं म्हणत नाही."

"हा पुरावा आहे?" वगीह हसला. "कथा कुठे आहे? बुर्स मेलाय असं कुठे लिहिलंय, दाखवा!"

तहियाने पिशवी वर धरली. डागाळलेला कागद, त्यावर दोन-चार खवले.

"पक्की प्रत तुम्ही जाळली असेल. कच्ची उस्तादांनी नबवियाला दिली होती, मासे गुंडाळायला. वीस वर्षं देत होते. या दुकानात एकदा जरी पाय ठेवला असतात तर तुम्हाला त्या खिळ्यावर दिसली असती. पण तुम्हाला वास सहन होत नाही. गटारं नुसती लिहायची असतात तुम्हाला."

वगीहने रुमाल खाली घेतला. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

"ते नमाजाला गेले होते," तो म्हणाला. "सणाच्या आधीच्या गुरुवारी. कागद टेबलावर होते. अकरा वर्षं! अकरा वर्षं मी त्याला मोठा केला, आणि त्यांनी त्याला गटारात पाडून मारला. लढाई नाही, सूड नाही. पाय घसरून! मी त्यांना त्याच संध्याकाळी विचारलं, बुर्सला किती वर्षं जगवायचं म्हणताय? हसले. म्हणाले, पाल आहे ती, शेपूट तुटते तशी कधीतरी मानही तुटेल. म्हातारा हसला माझ्यावर."

"म्हणून तू त्यांना कॉफी दिलीस?" शहीरा ओरडली. "ज्याने तुला हाताला धरून लिहायला शिकवलं त्याला? आणि या म्हातारीला आत जाऊ देणार होतास?"

"वाचलं असतं तर संपलं असतं सगळं! मग मी कोण उरलो असतो?"

त्याने हे अगदी मनापासून विचारलं. तहियाला सबंध आठवड्यात आली नव्हती इतकी शिसारी तेव्हा आली. अळ्यांची नव्हती आली, त्या चिकट कागदाचीही नाही. हा माणूस एका कागदी चोरासाठी जिवंत माणूस मारून, भांडं घासून, हाताला अत्तर लावून दुखवट्याला आला होता.

हाझिमने नबवियाच्या बेड्या काढल्या आणि वगीहला घातल्या. नबवियाने मनगटं चोळली, तिसऱ्या पिंपाचं झाकण उचलून हुंगलं आणि एक मासा काढून तहियापुढे धरला.

"घे. एक घास. आज तरी."

"मेले तरी नाही," तहिया म्हणाली. पण रुमाल तिने केव्हाच खिशात घातला होता.

हाझिम वगीहला बाहेर नेऊ लागला, तेव्हा गिर्गिस आडवा आला.

"दोन मिनिटं, कॅप्टन. आम्ही सगळे हजर आहोत. उस्तादांची कथा वाचायची राहिलीय." त्याने तहियाकडे हात केला. "पिशवीतूनच वाचतो, सित्त. हात लावत नाही."

"नको," वगीह म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "गिर्गिस, नको. मला फाशी होऊ दे, काहीही होऊ दे. ते वाचू नकोस. तुझ्या पाया पडतो."

गिर्गिसने चष्मा लावला.

"'बुर्स मेला तो कुणाच्या सुऱ्याने नाही,'" तो वाचू लागला. "'चुन्याच्या गल्लीत पाऊस पडून गेला होता. गटाराच्या कडेवरून त्याचा पाय घसरला, इतकंच. उंदीर पकडणाऱ्यांना तो तिसऱ्या दिवशी सापडला. तोंड उघडं होतं आणि आत एकही दात नव्हता. आधीच कुणीतरी येऊन गेलं होतं. नावाडीण जिवंत असती तर म्हणाली असती, बरं झालं, कुणाच्या तरी उपयोगी पडला.'"

तो चौदाही ओळी वाचत गेला. वगीह मान खाली घालून ऐकत होता. मग गिर्गिसने मिठाच्या पोत्यावर वही ठेवली, पेन झटकलं आणि एक्केचाळीसच्या खाली लिहिलं: बेचाळीस, बुर्स, दातचोर.

"अल्ला रहम करो," गिर्गिस म्हणाला.

"अल्ला रहम करो," शहीरा म्हणाली. बुर्स कोण हे ठाऊक नसलेली नबवियाही म्हणाली.

हाझिमने वगीहचा दंड धरून त्याला उंबऱ्याबाहेर काढलं. तेव्हा त्याचेही ओठ हलले, आणि तेच शब्द त्याच्याही तोंडून बाहेर पडले.